गणेशनं ठरवलेली उडी

माझ्या थोरल्या मुलानं आपल्या सख्ख्या धाकट्या भावाचा फोटो मुतारीच्या भिंतीला चिकटवला.

मी बाजारातून बोंबील घेऊन येत होते. त्या वाटेनं जाताना मी नेहमी पदरानं नाक दाबते आणि मान फिरवते. त्या दिवशी मान फिरवायच्या आत भिंतीवर ईश्वर दिसला. डोक्यावर लाल-तपकिरी टोपी, छातीवर पंखांचा बिल्ला, पोर ताठ उभं. आग्र्याला काढलेला फोटो, जो माझ्या ट्रंकेत बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवलेला असतो, तोच. खाली मोठी मोठी अक्षरं. मला वाचता येतं, माझ्या दोन यत्ता झाल्यात, फक्त अक्षर लावायला वेळ लागतो. आत-बाहेर करणारे पुरुष पायजम्याच्या नाड्या आवळत माझ्याकडे बघायला लागले की ही बाई इथं काय करतेय. मी म्हटलं बघा, माझा मुलगा भिंतीवर आहे, मी वाचल्याशिवाय हलणार नाही.

‘लंकेत विमानातून उडी मारणारा शूर कमांडो रविवारी सकाळी पेणकरपाड्यात सातव्या मजल्यावरून पॅराशूटसह झेपावणार!’ त्याच्याखाली एका बिल्डिंगचं चित्र. हॉल, किचन, चोवीस तास पाणी.

कागद ओला होता. कशानं ओला होता ते मी इथं लिहीत नाही. तो मी नखांनी सोलून काढला, चुरगळून गटारात टाकला आणि घरी येऊन आधी राखेनं आणि मग साबणानं हात धुतले. बोंबील तसेच पिशवीत.

गणेशची बायको ममता तांदूळ निवडत बसली होती. मी सांगितलं तर सूप न थांबवता म्हणते, “आई, गठ्ठाच्या गठ्ठा छापलाय. पोरं लावतात रातोरात. एखादा तिकडे लागला असेल.”

“पोरांना कोणी दिला?”

“ह्यांनी. पण ह्यांनी थोडंच सांगितलं तिकडे लावा म्हणून?”

“तिकडे लावू नका असं सांगितलं का?”

यावर ती तांदळातले खडे बघायला लागली. 

गणेश जागांची दलाली करतो. मीरा रोडला, भाईंदरला बिल्डिंगी उठायला लागल्या तसा तोही उठला. आधी गोदीत बदली कामगार होता, बापाच्या ओळखीनं. माझे मालक केरबा गोदीत जन्मभर पोती वाहून गेले, त्यांच्या फंडातून भाईंदरजवळ खारीला ही दोन खोल्यांची जागा घेतली, ती माझ्या नावावर आहे. गणेश, ममता, त्यांची दोन मुलं, ईश्वर आणि मी, असे सगळे तिच्यात राहतो. गणेशला खिशात पेनं लावून फिरायचं असतं. कोणी विचारलं काय करता, तर म्हणतो कन्स्ट्रक्शन लाईनमध्ये आहे. विटेला हात लावलेला मी तरी कधी पाहिला नाही.

ईश्वरचं वेगळं. आमच्या घरात शिपाईगिरी काही नवी नाही. माझे सासरे महार पलटणीत होते, त्यांचा कोट खेडच्या घरात खुंटीला होता तो मी लग्नात पाहिलाय. ईश्वर त्र्याऐंशी साली भरती झाला आणि स्वतःहून छत्रीवाल्या पलटणीसाठी नाव दिलं. तिथं आधी पोरांना चालवून, पळवून, उपाशी ठेवून निम्म्यांना परत पाठवतात. उरलेल्यांना आग्र्याला विमानात घालतात. दिवसा आणि रात्री उड्या मारल्या की मग छातीला पंख लावतात. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा मी त्या पंखांवरून बोट फिरवलं. कापडाचेच होते, पण मी हात आधी पदराला पुसला होता.

“भीती नाही वाटत रे?” मी विचारलं.

“वाटते ना. दर वेळी वाटते.”

“मग?”

“मागे पोरं उभी असतात, आई. मी दारात अडलो तर ती सगळी अडतात. विमान काय थांबतं? ते पुढे जातं आणि त्यांची उतरायची जागा चुकते. म्हणून दिवा हिरवा झाला की निघायचं.”

हे तो सांगत होता तेव्हा गणेश काय करत होता? ट्रंक उघडत होता. स्टेशनावर भावाला आणायला जायचा तो प्रेमानं नव्हे. ‘कसा आहेस’ विचारायच्या आधी ट्रंक उचलून बघायचा, जड आहे का. जड असली म्हणजे मिलिट्री कॅन्टीनची रम आहे. दोन दिवसांत बाटल्या गायब. काही त्याच्या पोटात, काही सोसायटीवाल्यांच्या, वकिलांच्या, कोणाकोणाच्या घरात. “ओळखी ठेवाव्या लागतात,” म्हणायचा. भाऊ आभाळातून उड्या मारतोय आणि हा त्याच्या बाटल्यांवर ओळखी करतोय. मला तेव्हाच किळस यायची, पण मी म्हणायचे जाऊ दे, बाटलीच आहे.

सत्याऐंशी साली लंकेचं निघालं. रेडिओवर ‘शांतीसेना, शांतीसेना’. खालच्या मजल्यावरची बाई मला विचारते, “कांताबाई, शांती करायला गेलेत ना, मग बंदूक कशाला?” मी काय सांगणार? महिनोन्‌महिने पत्र नाही. शेजारच्या पोरीला बसवून मी पत्रं लिहून घेत होते. गणेशला दहावीपर्यंत शिकवलाय, त्याला म्हटलं दोन ओळी तू लिही, तर म्हणाला वेळ नाही. पण रॉकेलच्या रांगेत पुढे घुसताना त्याला वेळ असायचा. “माझा भाऊ लंकेत लढतोय, सरका.” आणि लोक सरकायचे.

आता खरी गोष्ट सांगते. लंकेत ईश्वरनं एकही उडी मारली नाही. विमान धावपट्टीवर टेकलं, मागचं दार उघडलं आणि हे लोक एस्टीतून उतरतात तसे उतरले. त्यानंतर चालले. ताडाच्या झाडांतून, चिखलातून. रस्त्यानं जायची सोय नव्हती, रस्त्याखाली सुरुंग. ज्या घरातनं म्हातारीनं पाणी दिलं त्याच्याच मागून गोळी यायची. उडी मारायला शिकवलेला माणूस दोन वर्षं जमिनीकडे बघत चालला.

गुडघ्याला गोळी लागली तीसुद्धा अशीच चालताना, भाताच्या शेतात. बाकीची पोरं बांधाआड गेली, हा मध्येच पडलेला, वरनं गोळ्या. त्याला ओढून आणला तो महिपतनं. हा महिपत साताऱ्याकडचा, आग्र्याला ह्याच्याबरोबर होता. एकदा उडीच्या वेळी विमानाच्या दारात अडला. हात दाराला चिकटले ते सुटेनात. त्याला रिफ्यूज म्हणतात. पलटणीत यापेक्षा वाईट शब्द नाही. त्याचे पंख काढून घेतले. मूळ पलटणीत परत पाठवायचं ठरलं, तेवढ्यात लंकेचा हुकूम आला, म्हणून लंगरमध्ये रोट्या लाटायला ठेवला. जेवण घेऊन पुढच्या पोरांकडे आला होता त्या दिवशी. पातेलं टाकलं आणि शेतात पोटावर सरपटत गेला, ईश्वरची कॉलर धरून त्याला बांधापर्यंत खेचला. पुढच्याच महिन्यात जेवणाच्या गाडीखाली सुरुंग फुटला त्यात महिपत गेला.

हे ईश्वरनं घरात एकदाच सांगितलं. मी होते, गणेश होता. मी रडले. गणेश म्हणाला, “अरेरे.” 

पुढे ईश्वरला इस्पितळं, काठी, मग डॉक्टरांचा बोर्ड बसला आणि नव्वद साली घरी पाठवला. ना हार, ना फुलं. स्टेशनावर उतरला तर हमाल विचारतो, “लंगडताय का, भाऊ? गाडी लागली काय?” दीड वर्ष झालं. तेवढ्यात त्यानं चार ठिकाणी नोकरी विचारली. पाय बघून सगळे म्हणतात, कळवतो. सकाळी उठतो, गुडघ्याला पट्टी गुंडाळतो, खाडीकडे मिठागरांच्या बांधापर्यंत जाऊन येतो. कोणाला त्रास नाही. 

तर त्या रात्री जेवायला बसलो. गणेशनं बोंबलाचा काटा काढत जाहीर केलं, “ईश्वर, तुझी नोकरी पक्की. आमच्या बिल्डर शेठच्या सगळ्या बिल्डिंगींचा सिक्युरिटी सुपरवायझर. फक्त रविवारी एक उडी मारायची.”

“कुठली उडी?”

“सात मजल्यांवरून. पॅराशूट घालून. बिल्डिंगचं उद्‌घाटन आहे. आमदार येतोय.”

ईश्वर त्याच्याकडे बघत राहिला आणि हसायला लागला. लंकेतून आल्यापासून मी त्याला असा हसलेला पाहिला नव्हता. भात नाकात गेला त्याच्या.

“दादा, अरे सात मजले म्हणजे सत्तर फूट. छत्री उघडायलाच त्याच्या तिप्पट लागतात. आम्ही हजार-बाराशे फुटांवरून उडी मारायचो.”

“मग सिनेमात कसं...”

“सिनेमात मारू दे त्यांना.”

लाज असलेला माणूस इथं गप्प बसला असता. पण गणेशला लाज जरा कमीच पडलीय. तो म्हणाला, “बरं, उडी राहू दे. कमांडो दोरावरून उतरतात ना, हेलिकॉप्टरमधून?”

“उतरतात.”

“मग दोरावरून उतर. पाठीला पॅराशूट फुलवून. खालच्याला काय कळतंय? पॅराशूट शिवायला टाकलंय. पडद्याचं कापड. त्यावर शेठच्या कॉम्प्लेक्सचं नाव येणार.”

“शिवायला टाकलंय?” मी म्हटलं. “विचारलंस कोणाला?”

“आई, तू मध्ये पडू नको, धंद्यातलं तुला कळत नाही.”

ईश्वर हसायचा थांबला. “दादा, गुडघा धरत नाही माझा. आणि मी लंकेत उडी मारली नव्हती. कागदावर खोटं छापलंयस, ते काढ.”

“छापून झालं, वाटून झालं. आणि मारली असती ना, सांगितली असती तर? मग मारल्यासारखीच आहे.”

असं हे त्याचं डोकं. ईश्वरनं ताट बाजूला केलं, हात धुतले आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मला वाटलं विषय संपला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गणेश शेठलाच घेऊन आला. शेठ पांढरे बूट घालून माझ्या घरात शिरला, बूट काढले नाहीत. मिठाईचा पुडा माझ्या हातात दिला आणि खाटेवर बसला, खाट कुरकुरली. ईश्वरनं त्याला उठून नमस्कार केला, शांतपणे सगळं सांगितलं. पाय असा आहे, कागदावरचं असं आहे, माफ करा.

शेठचा चेहरा पडला. “गणेशभाई, आपने तो बोला था गॅरंटी है.”

गणेश माझ्याकडे बघून, शेठकडे बघून, ओशाळं हसला. आणि मग जे बोलला ते ऐकताना माझ्या हातातला पुडा खाली पडला.

“क्या है ना शेठ, इनकी पलटन में इसको रिफ्यूज बोलते हैं. एक था ऐसा, महिपत. दरवाजे में डर गया. तो उसको रोटी बेलने बिठाया.”

“रोटी!” शेठ हसला. “फिर तो भाई को भी किचन में रखना पडेगा.”

दोघं हसले. गणेश मांडीवर थाप मारून हसला.

ईश्वरच्या तोंडावरचा रंग उडाला. तो खाटेची कड धरून उभा राहिला, पाय सरळ केला, ताठ झाला, फोटोत उभा आहे तसा.

“रविवारी येतो,” म्हणाला.

शेठ गेल्यावर मी ईश्वरला धरला. “तूही गाढवच. त्याचं बोलणं ऐकून तू दोराला लोंबकळणार?”

“आई, ते हसले.”

“हसू देत. कुत्रीही दात काढतात.”

“महिपतला हसले.”

“मग महिपतला काय मिळणार तुझा पाय पुन्हा मोडून? डॉक्टरनं काय सांगितलंय? परत आपटला तर पाय कापावा लागेल. महिपतनं ओढून आणला तो पाय तू शेठच्या भिंतीवर आपटायला नेणार?”

तो पट्टी सोडत बसला. एवढंच म्हणाला, “मी अडलो असं कोणी म्हणायला नको.”

तीस वर्षांच्या शिपायाला मी काय कोंडून ठेवणार? दाराला कडी लावली असती तर त्यानं खिडकीतून उडी मारली असती, ते तर त्याला शिकवलंयच. दोन दिवस मी घरात कोणाशी बोलले नाही. गणेश मात्र शिट्टी वाजवत फिरत होता. शिंप्याकडून कापड आणलं, नारिंगी-हिरवं, लग्नाच्या मांडवासारखं. अंथरून घडी घालायला लागला, मुलांना पायानं सारतोय, “बाजूला व्हा, काकाचं पॅराशूट आहे.” उजवं टोक डावीकडे, डावं उजवीकडे, शेवटी बोळा करून गोणीत कोंबलं.

रविवारी पेणकरपाड्याला गेले. मांडव, खुर्च्या, ताशा, भोंगा. भोंग्यावर एक माणूस बोंबलत होता, “अब थोडी ही देर में! लंका का शेर!” आमदार काही आला नाही, त्याचा कोणी भाचा आला होता. बिल्डिंगला बाहेरून रंग मारलेला, आत लिफ्टच्या जागी नुसतं भोक. कठडा नसलेल्या जिन्यानं मी भिंतीला हात लावत सात मजले चढले. प्रत्येक मजल्यावर सिमेंटची गोणी आणि कोणीतरी घाण करून ठेवलेली. लोकांना हे विकतात, आणि वर माझ्या पोराला शोभेला टांगतात.

गच्चीवर तिघं होते. ईश्वर टोपी घालून, पट्टीवर पट्टी बांधलेला. गणेश इस्त्रीच्या सफारीत. आणि धाकू, वरसाव्याचा मांडववाला, त्यानं दोर पाण्याच्या टाकीच्या पाइपाला बांधला होता. खाडीकडून वारा नुसता सुटला होता. ते नारिंगी-हिरवं कापड ईश्वरच्या पाठीला बांधलेलं, ते वाऱ्यानं भरलं की तो दोन पावलं बाजूला ओढला जायचा. गच्चीवर नुसता उभा असताना ओढला जायचा.

“आई, तू कशाला वर आलीस?” गणेश म्हणाला.

“माझा मुलगा आहे. त्याला काय भाव आलाय तो बघायला आले.”

ईश्वरनं गच्चीतली चिमूटभर वाळू उचलून सोडली. ती सरळ खाली पडलीच नाही, आडवी गेली. त्यानं कठड्यावरून खालची भिंत बघितली. मग दोर ओढून बघितला.

“धाकूदादा, दोर कसला?”

“मांडवाचा हाय. हत्ती टांगा, काय न्हाय होत.”

“टांगलायस कधी?”

“काय?”

“हत्ती.”

धाकू डोकं खाजवायला लागला. ईश्वर किंचित हसला आणि त्यालाच सांगितल्यासारखं म्हणाला, “आग्र्याला छत्र्यांच्या घड्या घालणारी माणसं वेगळी असतात. मोठ्या हॉलमध्ये लांब लांब टेबलं. पण त्यांना कायदा असतो. साहेब कधीही येऊन म्हणणार, ही तू बांधलेली छत्री ना? घाल, आणि चल विमानात. म्हणून ते दोरी दोरी बघून बांधतात.”

“आन न्हाय गेला तर?” धाकूनं विचारलं.

“मग त्याची बांधलेली छत्री कोणी घालत नाही.”

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. ऐकलं आणि माझं डोकं एकदम थंड झालं. मी ईश्वरच्या पाठीवरची कापडाची गाठ सोडली. तो “आई, आई” करत राहिला. ते कापड मी गणेशच्या अंगावर टाकलं.

“घाल.”

“काय?”

“घडी तू घातलीस. कापड तू आणलंस, दोर तू बांधून घेतलास, कागद तू छापलेस. घाल आणि उतर.”

“आई, मस्करी करू नको, खाली शेठ थांबलाय.”

“मी मस्करी करत नाही. सगळे मजले नको. एकच उतर. खालच्या खिडकीत पाय टेक आणि आत शिर. मग ईश्वर जाईल. मी स्वतः त्याला ओवाळून सोडीन.”

धाकूलाही गंमत वाटली असावी. “गनेसशेट, मी वरून दोर धरतो ना. माजा भरवसा न्हाय काय?”

गणेशनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. भाऊ समोर, आई समोर, मांडववाला समोर. त्याला वाटलं असेल नुसतं दाखवावं. तो कठड्यापाशी गेला, दोर दोन्ही हातांत धरला, एक गुडघा वर ठेवला आणि खाली वाकून बघितलं. खाली खुर्च्या आगपेटीएवढ्या. भोंगा ओरडला, “तालियां!” लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हाच तो.

गणेशनं गुडघा खाली घेतला. सफारीची पाठ भिजून काळी झाली होती. दोर अजून हातातच, सुटत नव्हता.

“मला बायको-पोरं आहेत,” तो म्हणाला. “मी कशाला मरू?”

कापड फडफडत होतं. मी ईश्वरकडे बघितलं. हे त्यानं ऐकावं एवढ्यासाठीच मी सात मजले चढले होते, ते मला तिथं कळलं.

ईश्वर पुढे गेला. गणेशची बोटं एकेक करून त्यानं दोरावरून सोडवली. हळू सोडवली. रागानं नाही. मग म्हणाला, “दादा, खाली जाऊन सांग. रिफ्यूज म्हणून सांग. मीच नाही म्हटलं म्हण.”

“माझी अब्रू जाईल रे.”

“जाईल.”

आम्ही दोघं जिन्यानं उतरायला लागलो. तो एक पायरी उतरला की थांबायचा, मग दुसरा पाय. मी पुढे, माझ्या खांद्यावर त्याचा हात. गणेश आमच्या अंगाला घासून धडधडत खाली गेला. मला वाटलं लाजेनं पळतोय. माझी अजूनही त्याच्याबद्दल काहीतरी बरी समजूत शिल्लक होती, बघा.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर असताना भोंग्यातून त्याचा आवाज आला. चांगला रडवेला, कापरा. “भाइयों और बहनों, माफी चाहता हूं. मेरे भाई के दिमाग पे लंका में असर हुआ है. अचानक दौरा पडता है. किसी को पहचानता नहीं. आज सुबह से...” मग हुंदका. “हमारा परिवार बहुत दुख में है.” खाली बायका च्यक्‌च्यक करायला लागल्या, ते जिन्यात ऐकू आलं. 

ईश्वरचा हात माझ्या खांद्यावर होता तो जड झाला. तो तिथंच पायरीवर बसला. उडी न मारल्याचं दुःख त्याला झालं नव्हतं. पण आता खाली जायचं म्हणजे वेडा म्हणून जायचं. उद्या नोकरी मागायला गेला तर ह्यांच्यातलाच कोणीतरी बोट दाखवणार. लंगडा तरी लोक चालवून घेतात.

“आई, मागून कुठून रस्ता आहे का?” त्यानं विचारलं.

माझा मुलगा मागचा रस्ता विचारतो. लंकेत विचारला नाही, विमानाच्या दारात विचारला नाही.

“आहे की नाही मला माहीत नाही,” मी म्हटलं, “मी पुढून जाणार आहे. तू माझ्या मागे ये.”

मांडवात शिरलो तशा माना वळल्या. एका बाईनं पोराला जवळ ओढलं. शेठ भाच्याच्या कानाला लागला होता. गणेश व्यासपीठावर डोळे पुसत होता, कोरडे डोळे. मला बघून त्यानं माइकवर हात ठेवला, “आई, सांभाळून घे, नंतर बोलू.” मी पायऱ्या चढले. त्याचा हात बाजूला केला. माइकनं शिट्टी मारली. मी लोकांकडे बघितलंच नाही, लोकांशी मला काही बोलायचं नव्हतं. ईश्वर खाली टोपी घालून उभा होता. मी गणेशच्या तोंडाकडे बघितलं आणि बोलले.

“गणेश, तुझ्या भावाचं डोकं शाबूत आहे, गुडघा गेलाय. तुझे दोन्ही गुडघे शाबूत आहेत, म्हणून तू जिथं तिथं पटकन टेकतोस. वर घाबरलास त्याचं मी काही म्हणत नाही. भीती ईश्वरलाही वाटायची, महिपतलाही वाटली. तू मेलेल्या महिपतवर हसलास आणि जिवंत भावाला वेडा ठरवलंस, आणि तेही दोन पेनं खिशाला लावून. मी तुला जन्म दिला ते मला कबूल आहे. पण मी तुला आता जेवायला वाढणार नाही. ममता आणि पोरं माझ्या घरात राहतील, त्यांना कोणी हात लावणार नाही. तुझी ट्रंक मी संध्याकाळी जिन्यात काढून ठेवते. उचलून बघ, जड आहे का. आणि निघ.”